स्लोला बंद पडणारी गाडी घेऊन हिंगोलीची फेरी

गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, हे ठरवायला मी शेवटी गाडीलाच विचारायचं ठरवलं. माणसांना विचारून झालं होतं. शेजारी म्हणाले, विका. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, काका, कोण घेणार? माझी मुलगी मृणाल पुण्यात असते. ती म्हणाली, "बाबा, नोंदणीची मुदत या महिन्यात संपतेय. आता पुन्हा पैसे घालू नका तिच्यात. कुठे जायचं असेल तर मला सांगा, मी इथून टॅक्सी करून देते." नांदेडच्या माणसाला नांदेडातली टॅक्सी पुण्याहून मिळावी, ही प्रगती मला झेपत नाही. पण पोरीचं चूक नव्हतं. वर्षभरात मी गाडी फाटकाबाहेर काढली नव्हती, आणि स्वतःही कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलो नव्हतो.

मग मी तिच्याशी करार केला. नेहमीची हिंगोलीची फेरी मी या गाडीने करणार. गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली, तर पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करायची. दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली, तर मृणाल म्हणेल तसं.

नेहमीची फेरी म्हणजे काय, ते सांगतो. माझी बायको सुमन आणि मी दर वर्षी हळदीच्या हंगामात, म्हणजे होळीच्या आगेमागे, नांदेडहून निघायचो. अर्धापूर, डोंगरकडा, कळमनुरी करत हिंगोलीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ, तिथून शिरड शहापूरला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळद, आणि वसमतवरून घरी. लोक काश्मीरला जातात, आम्ही हळद आणायला जायचो. सुमन जाऊन आता वर्ष उलटून गेलं. मागच्या हंगामात फेरी झाली नाही. यंदा मी एकटाच निघालो.

गाडी पांढरी, छोटी, मृणालच्या बालवाडीच्या वर्षी घेतलेली, कार्बोरेटरवाली. तरुण वाचकांसाठी सांगतो: कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात हवा कालवून इंजिनाला भरवणारं एक भांडं. हल्ली हे काम गाडीतला कॉम्प्युटर करतो. आमच्या गाडीत ते काही बारीक भोकं आणि दोन-चार स्क्रू करतात. पेट्रोल-हवेचं प्रमाण भाकरीच्या पिठासारखं असतं, पाणी जरा इकडे तिकडे झालं की भाकरी थापताना कळतं.

निघण्याआधी मी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, बॅटरी बदलली, टायरात हवा मारली. तुम्हीही फार दिवस उभी असलेली गाडी बाहेर काढणार असाल, तर एवढं तरी कराच. सकाळी चोक ओढला, किल्ली फिरवली, गाडी खोकली आणि सुरू झाली. मी देवाला नमस्कार केला. पहिल्याच सिग्नलला ती थरथरली आणि बंद पडली.

मेकॅनिकच्या भाषेत याला म्हणतात, गाडी स्लो धरत नाही. पायाखाली ॲक्सिलरेटर असेपर्यंत ठीक, पाय काढला की हळू चालत राहण्याऐवजी इंजिन दम सोडतं. मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ती शहाण्या मुलीसारखी धावत होती. थांबायची वेळ आली की हट्ट. नांदेड सोडेपर्यंत मी एका पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सांभाळायला शिकलो. गर्दीत जमत नव्हतं, मागचे हॉर्न मारत होते, आणि "काय झालं हो?" असं विचारायला शेजारी कोणी नव्हतं.

अर्धापूरनंतर केळीच्या बागा लागतात आणि त्या डोंगरकड्यापर्यंत सोबत करतात. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, पूर्वीचे खड्डे विसरा. डोंगरकड्याला केळी घ्यायचीच. बागेतून थेट आलेली असतात आणि नांदेडपेक्षा बरीच स्वस्त. मी चहाच्या टपरीपुढे थांबलो आणि गाडी अर्थातच बंद पडली. बोनेट उघडलं की आपल्याकडे माणसं जमायला निमंत्रण लागत नाही.

"कॉईल गेली असंल," एक जण म्हणाला.

"पेट्रोलमंदी पानी हाय. आजकाल समदीकडं हेच करून राहिले," दुसरा म्हणाला.

"आता ही गाडी काहून वापरता, काका? ठेवा शेतात, कोंबड्या बसतील," तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. खूप दिवसांनी कोणीतरी माझी चेष्टा केली होती, बरं वाटलं.

मी प्लग काढून पाहिले. तिन्ही प्लग काजळीने काळेभोर. सँडपेपरने घासून परत बसवले, आणि गाडी अशी गोड चालली की कॉईलवाला आणि पाणीवाला दोघांनाही श्रेय घ्यायचं होतं. कळमनुरीच्या वेशीवर गाडी पुन्हा तशीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं झालं होतं. प्लग काळे पडतात हा रोग नसतो, ते रोगाचं लक्षण असतं. काळा प्लग सांगतो की पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. का, ते तो सांगत नाही.

कळमनुरी ते हिंगोली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजत होती. शेतात मोठे लोखंडी कुकर, त्यातून वाफेचे लोट, आणि पलीकडे वाळत घातलेले पिवळे ढीग. तो वास ओला, मातकट, थोडा उग्र असतो. सुमन या टप्प्यात काच पूर्ण खाली करायची आणि मला बोलू द्यायची नाही. "वास घेऊ द्या," म्हणायची. मी डावीकडची काच खाली करायला वाकलो आणि गाडी जरा वाकडी गेली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. काच मग वरच राहिली.

हिंगोलीत बसस्टँडच्या भागात साध्या, स्वच्छ लॉज आहेत, खोली हजाराच्या आत मिळते. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "किती जण?"

"एक."

"सिंगल रूम न्हाई आमच्याकडं. डबल हाय. चालंल?"

चालेल म्हणालो. दुसरा काय इलाज होता? खाली खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा मिळाला. जेवण उत्तम होतं, नक्की जा. टेबल चौघांचं होतं, वाढणारा मुद्दाम माझ्यासमोरच्या खुर्चीकडे बघून "अजून कोनी येनार हाय?" असं दोनदा विचारून गेला. खोलीत दोन खाटा, दोन टॉवेल, दोन साबण. मी एका खाटेवर झोपलो आणि दुसरीवर पिशवी ठेवली, ती रिकामी दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मोठं, झकपक गॅरेज. तिथला मेकॅनिक तिशीचा, कामाचा माणूस. त्याने डॅशबोर्डखाली वाकून, हात फिरवून फिरवून स्कॅनरची वायर जोडायची जागा शोधली. "काका, हिला खोचायलाच जागा न्हाई," तो मनापासून वाईट वाटून म्हणाला. "आमी शिकलो तवा कार्बोरेटर फक्त चित्रात पाहिला." मी त्याचे आभार मानले आणि निघालो.

औंढ्याचा रस्ता चढाचा आहे, दोन्हीकडे टेकड्या, मार्चात पळस फुललेला. मंदिर सकाळी लवकर गाठा, सोमवार टाळा. मी दर्शन घेतलं, सुमनचं नेहमीचं दर्शनही घेतलं, म्हणजे तिच्यासारखा प्रत्येक खांबाला हात लावत बाहेर आलो. गाडी सुरू केली. सुरू झाली. गाव ओलांडून चढावर लागलो, पुढे एक उसाची ट्रॉली होती, म्हणून वेग कमी केला, आणि इंजिन बंद. किल्ली, किल्ली, पुन्हा किल्ली. पेट्रोलचा भपकारा आला, गाडी काही उठली नाही.

नशीब असं की मी बंद पडलो ते एका दुकानासमोर. पत्र्याची शेड, बाहेर पाण्याच्या मोटारी आणि एक उघडी रिक्षा. मालक बाहेर आले, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. शकीलभाई त्यांचं नाव. आम्ही दोघांनी गाडी ढकलत सावलीत नेली.

"साब, खरं सांगू का? मोटारपंप आन् रिक्षा, एवढंच माझं काम," ते म्हणाले. "ह्या गाडीला मी हात लावनार न्हाई, बिघडली तर माझ्यावर येईल. तुमाला तकलीफ नको. माझा पिकअप हाय, टोचन करून नांदेडपर्यंत सोडतो."

टोचन म्हणजे दोरी किंवा साखळी बांधून ओढत नेणं. त्या शब्दावरच माझा करार मोडत होता. मी डोळ्यांपुढे आणलं: दोरीने बांधलेली गाडी आमच्या गल्लीत शिरतेय, शेजारी बघताहेत, मृणाल फोनवर फक्त "बरं" म्हणतेय. त्यानंतर मी कुठे जाणार होतो? दुकानापर्यंत आणि परत.

"पाने द्याल का?" मी विचारलं. "मीच खोलतो."

"खोला की. बसायला डबा घ्या."

मी क्रम लावला. ठिणगी येतेय का पाहिलं, येत होती. चोकची झडप अडकलीय का, नव्हती, बाहेरचा दांडा पूर्ण फिरत होता. फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतला तो तरंगता तुकडा, बाहेरच्या काचेतून पाहिला, बरोबर पातळीवर होता. एअर फिल्टर नवा होता, निघण्याआधी रबरी नळीच्या बाजूने सरकवून मीच बदलला होता. कार्बोरेटरच्या तोंडावरचं गोल झाकण मात्र मी काढलं नव्हतं, कारण त्याचा एक नट गंजलेला होता. आता शकीलभाईंनी त्यावर डिझेल सोडलं, मी पाना लावला, झाकण निघालं.

आतल्या बाजूला, झाकणाच्या मधोमध, कुंकवाचं बोट होतं. भोवती हळदीचा पिवळा थर, पावसाळ्याच्या दमटपणाने घट्ट झालेला. खाली कार्बोरेटरच्या तोंडाशीही तेच, पिवळ्या खपल्या.

शकीलभाईंनी खपली नखाने काढून वास घेतला. "ही तर हळद हाय, साब."

"हो. दसऱ्याची."

"पूजा तर समदेच करतेत. आमची गिऱ्हाइकं मोटारीला बी लावतेत. पन बाहेरून. झाकन खोलून आत कोन लावतं? हे काहून?"

काहून, ते मला चांगलंच माहीत होतं. दसऱ्याला मी बोनेट उघडून द्यायचो, आणि सुमनचं तेवढ्याने भागायचं नाही. "देवाला कपाळाला लावतात, पायताणाला नाही. हिचं कपाळ कुठंय?" ती विचारायची. मी एका वर्षी सांगून बसलो की गाडी जिथून श्वास घेते ती जागा सर्वांत महत्त्वाची. झालं. तेव्हापासून दर दसऱ्याला झाकण उघडायचं, आत हळद-कुंकू वाहायचं, आणि तेही हात राखून नाही, मूठ भरून. पुढच्या रविवारी मी मुकाट्याने सगळं पेट्रोलने पुसून काढायचो. तिच्या शेवटच्या दसऱ्यानंतरचा रविवार आमचा दवाखान्यात गेला. मग कोणी झाकण उघडलंच नाही.

"माझी बायको लावायची," मी म्हणालो.

"भाभीला सांगा, टायरला लावत जा," शकीलभाई हसत म्हणाले.

"ती नाही आता."

हातातलं पेट्रोलचं फडकं त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग सावकाश खोला. घाई न्हाई."

रोग समजला होता. स्लोला इंजिनाला हवा देणारं एक सुईएवढं भोक असतं, त्यात हळदीची खपली अडकली होती. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळे प्लग. वेगात जाताना हवा दुसऱ्या मोठ्या वाटेने येते, म्हणून तेव्हा तक्रार नाही. सगळं जुळत होतं. ते भोक असलेलं बारीक पितळी जेट मी काढलं. कंप्रेसरने हवा मारायला हवी होती, पण लाईट नव्हती. मग जुन्या लोकांसारखं तोंडाला लावलं आणि फुंकलं.

पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी खपली सुटली आणि थोडी माझ्याच जिभेवर आली. पेट्रोल आणि हळद. हळद अजून कडू होती, अजून तिला चव होती. मी थुंकायला हवं होतं, थुंकलो नाही. शकीलभाईंकडे पाठ करून तसाच उभा राहिलो.

कार्बोरेटरचं तोंड मी पेट्रोलने नीट धुतलं. झाकण पुसायला शकीलभाईंनी हात पुढे केला, तेव्हा सैल झालेल्या खपल्या मी स्वतः काढल्या आणि म्हणालो, "तेवढं कुंकवाचं बोट राहू द्या. ते चिकटलेलं आहे, आत जाणार नाही."

"बराबर," ते म्हणाले.

सगळं बसवून किल्ली फिरवली. स्लोचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, इंजिन एका लयीत येईपर्यंत. मग मी पाय काढला. गाडी चालूच. आम्ही दोघं उभे राहून नुसतं ऐकत होतो. शकीलभाईंनी चहा मागवला आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. "केलं तुमी, पैसे मी कसले घेऊ?"

खरं सांगायचं तर पुढचे काही किलोमीटर सगळ्या प्रवासातले सर्वांत वाईट गेले. आधी दीड दिवस माझं सगळं लक्ष इंजिनाच्या खोकण्याकडे होतं. त्याच्याशी भांडत, त्याला चुचकारत आलो होतो. आता इंजिनाचा आवाज जवळजवळ नव्हता आणि गाडीत मी एकटा होतो, हे पहिल्यांदा नीट कळलं. मला रडू आलं. रस्त्याकडेला थांबून रडलो, आणि माझ्या रडण्याभर गाडी बिचारी शांतपणे चालू राहिली.

शिरड शहापूरच्या आमच्या शेतकऱ्याचं घर रस्त्यापासून जवळ आहे. मालक मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेले होते. त्यांची बायको सखुबाई अंगणात हळद निवडत होती. मला बघून ती उठली, हात झटकत थेट गाडीच्या डाव्या खिडकीशी गेली आणि आत वाकून पाहिलं.

"ताई काहून न्हाई आल्या? आजारी हायेत व्हय?"

मी सांगितलं. ती तिथेच जमिनीवर बसली. पदर तोंडाला लावला. "आमाला कुनी सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाली. खरंच होतं. हळदवाल्यांना कळवायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दोघी वर्षातून एकदा भेटायच्या, तासभर भावावरून घासाघीस करायच्या आणि मग एकमेकींच्या लेकरांची चौकशी करत बसायच्या.

तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मग तराजू पुढे ओढून विचारलं, "किती देऊ, दाजी?" आजवर मी तिथे साहेब होतो.

"सखुबाई, एका माणसाला वर्षाला किती हळद लागते हो?"

तिने विचार केला. "मला काय ठावं? एका मानसाचा सैपाक मी जलमात केला न्हाई." मग तराजू बाजूला सारून तिने ओंजळीनेच पिशवीत हळद भरली. थोडीच भरली. "सरली की या. जास्ती नेली, तर पुढल्या साली तुमचं इथं येनं होनार न्हाई."

वसमतला मी थांबलो नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी तिथला हळदीचा बाजार बघावा, हंगामात डोळे पिवळे होतील. आसना नदी ओलांडून नांदेडात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे सिग्नल लाल लागले आणि प्रत्येकाला गाडी स्लोवर, शांत उभी राहिली. एक-दोन ठिकाणी तर बंद पडली की काय म्हणून मी कान देऊन ऐकलं.

घरासमोर आलो आणि फाटक बंद. आमची गल्ली चढाची आहे, फाटक जड आहे, आणि ते आजवर मी कधी उघडलं नव्हतं; निघतानाही शेजाऱ्यांनीच उघडून मागे लावून घेतलं होतं. सुमन उतरायची, फाटक ढकलायची, मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी धरून ठेवायचो. वर्षभर गाडी न काढण्याचं खरं कारण हेच होतं, आणि ते मी मृणालला काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. या कामाला दोन माणसं लागायची.

मी हँडब्रेक ओढला. पाय काढला. खाली उतरलो, दार उघडं ठेवून, कान मागे ठेवून. फाटकाची कडी काढली, एक पट ढकलला, मग दुसरा. परत आलो. गाडी चालू होती. आत आणून लावली, इंजिन बंद केलं.

मग मृणालला फोन केला.

"आली गाडी," मी म्हणालो. "स्वतःच्या पायांनी."

"खरंच? कुठेच ओढावी लागली नाही?"

"नाही."

मी नोंदणीचं बोलणार होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, "बाबा, फाटक कोणी उघडलं?"

"मी. उतरून."

"आणि गाडी?"

"चालू राहिली."

तिने नाक ओढलं, मग म्हणाली, "मग ठेवा, बाबा."